टोपलीखालचा आवाज

प्रिय सृष्टी,

आईनं फोन जमिनीवर ठेवला आणि त्याच्यावर टोपली पालथी घातली. विंचवावर घालतात तशी. मी न्हाणीतून बाहेर आलो तेव्हा ती टोपलीपासून हातभर लांब बसली होती आणि टोपलीखालून तू बोलत होतीस. आई, मी अडचणीत आहे. ऐकते आहेस ना? माझ्या हातून अपघात झाला आहे. साहेब तुझ्याशी बोलणार आहेत, ते सांगतील तसं कर.

फेब्रुवारीतला तो पहिला फोन. तुला त्याच दिवशी सांगितला होता आणि तू हसली होतीस. टोपलीचं मात्र सांगायचं राहिलं. मी टोपली उचलली. आवाज तुझाच होता. वाक्य संपताना श्वास सोडायची तुझी सवय, 'अपघात'मधला नीट फुटलेला 'घ', सगळं तुझं. मी विचारलं, कुठं आहेस, आणि दुसऱ्या हातानं खुंटीवरची दुचाकीची किल्ली काढलीसुद्धा. अंगावर फक्त पंचा होता. आई माझ्याकडं बघत राहिली. म्हणाली, खुळा हाईस का? ही आपली सृष्टी न्हाय. आपली सृष्टी माझ्याशी कवा 'आहे' म्हनती का? मग फोनकडं वाकून म्हणाली, ए बाई, जी कोन असशील ती, आमची पोरगी 'हाय' म्हनती. पलीकडून फोन बंद झाला. आई टोपली घेऊन उठली. लई शिकल्याला तू, आन् तुलाच कळंना, एवढं म्हणून ती आत गेली.

तू तेव्हा बार्शीत क्लासवर शिकवत होतीस, सुखरूप. तुझे व्याकरणाचे व्हिडिओ किती झाले असतील, मी मोजलेले नाहीत. स्पर्धा परीक्षेची मुलं ते ऐकून समास आणि प्रयोग शिकतात. त्या लोकांनी तेच यंत्राला ऐकवले आणि यंत्र तुझ्यासारखं बोलायला शिकलं. पण व्हिडिओत तू 'आहे' म्हणतेस. आईशी तू जे बोलतेस ते कुणी कुठं साठवून ठेवलेलं नाही. त्यांच्या हाती अर्धीच सृष्टी लागली होती.

खालच्या केराबाईंच्या बाबतीत त्यांच्या हाती सगळं लागलं. नातवाचा आवाज आला, रडत आला, आणि केराबाई त्या आवाजानं सांगितलं तसं करत गेल्या. काय गेलं ते त्या बोलत नाहीत. आता नातू खरोखर दारात येऊन उभा राहिला तरी आधी विचारतात, कोन? तो म्हणतो, आज्जे, मी दिसतुय की तुला. त्या म्हणतात, दिसतुयास रं, पर हाईस का? जिन्यात हे रोज चालतं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी हसलो होतो.

मग मी कागद लिहिला. माझं अक्षर तुला माहीत आहे, फळ्यावरचं. पोलीस फोनवर कुणाला अटक करत नाहीत. अनोळखी नंबरवरून कुणी काही करायला सांगितलं तर करायचं नाही, आधी मला विचारायचं. आणि तिसरी ओळ, सृष्टी 'आहे' म्हणाली तर ती सृष्टी नाही. आईला वाचता येत नाही, तरी कागद भिंतीवर लावला. ती ओळीच्या जागेवर बोट ठेवून पाठ म्हणायची. तिसऱ्या ओळीवर बोट ठेवताना तिला हसू यायचं.

शाळेत पालकांसमोर या फसवणुकींवर बोलायला मला सांगितलं, ते मार्चमध्ये. मी आईची गोष्ट सांगितली. टोपली वगळून. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पहिल्या रांगेत संस्थेचे विश्वस्त होते, म्हणजे तुझे सासरेही होते. ते उठून म्हणाले, सर, व्याकरणाचा असा उपयोग आम्ही आयुष्यात पाहिला नव्हता. सगळे हसले. जाताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, तुमचा प्रस्ताव माझ्या लक्षात आहे, मे महिन्यात पाहू. मी नऊ वर्षं सरकारी मान्यतेशिवाय, तुटपुंज्या पगारावर शिकवत होतो, तुला ठाऊक आहे. संस्थेनं प्रस्ताव पाठवायचा आणि त्यावर तुझ्या सासऱ्यांची सही लागायची. घरी जाऊन त्यांनी तुम्हा सगळ्यांना आईची गोष्ट सांगितली असेल. जेवताना. तू वाढत असशील.

'आहे' तुला मी शिकवलं. तू चौथीत होतीस, मी बी.ए.च्या पहिल्या वर्षाला. सुटीत मंद्रूपला आलो की मेंढरं कोंडायच्या जाळीशेजारी तुला बसवायचो आणि वाचायला लावायचो. 'हाय' म्हटलंस की धडा पहिल्या ओळीपासून. एका दुपारी तू सहा वेळा पहिल्या ओळीवर आलीस. तात्या जाळी आवळत होते. म्हणाले, आरं, मेंढरास्नी बी शिकीव की, बें आहे म्हनायला. तू एवढी हसलीस की वही खाली पडली आणि कोकरानं तिचा कोपरा खाल्ला. मी हसलो नाही. कॉलेजात माझ्या एका 'हाय'वर सगळा वर्ग हसला होता. ते मी घरात कुणाला सांगितलेलं नव्हतं. तुझ्यावर कुणी हसू नये एवढंच मला हवं होतं, असं मी पुढं बरीच वर्षं म्हणत आलो.

तात्यांकडं एकच शिक्षण होतं. मेंढरू तोंड बघत न्हाय, हाक बघतं, असं ते सांगायचे. प्रत्येकाची हाक वेगळी असली पाहिजे, म्हणजे दोन कळप एकत्र मिसळले तरी आपली मेंढरं आपल्याकडं येतात. मला ती कधी जमली नाही. तुझी होती. जीभ टाळूला लावून घुमवायचीस आणि शेवटी आवाज वर नेऊन तोडायचीस. तात्या गेले तेव्हा मेंढरं आप्पा चुलत्यांनी नेली. आठवडाभर ती आप्पांच्या हाकेला वळेनात. विहिरीपाशी नुसती उभी राहायची. आप्पा शिव्या घालायचे, मग स्वतःच रडायचे. तू होस्टेलवरून आलीस, कॉलेजच्या कपड्यांत बांधावर उभी राहिलीस आणि हाक दिलीस. अख्खा कळप एका वेळी वळला. नंतर तू ओढणीनं तोंड पुसलंस आणि मला म्हणालीस, कुणाला सांगू नकोस. मी सांगितलं नाही. तुझ्या कुठल्याही व्हिडिओत ती हाक नाही.

लग्न मी जमवलं. स्थळ संस्थेतून आलं होतं. पृथ्वीराज शिकलेला, घर शिकलेलं, आपल्यातलेच असून दोन पिढ्या मेंढरामागं न गेलेले. पहिल्या दिवाळीला आई तुझ्याकडं आली तेव्हा तिच्या 'व्हय'वर तुझ्या नणंदेनं तोंडाला पदर लावला. आईनं ते पाहिलं. परत येताना गाडीत म्हणाली, चांगली हाईत मानसं, सारखी हसत्यात. त्यानंतर तुझे फोन दोन प्रकारचे झाले. स्वयंपाकघरातून करायचीस ते 'आहे'चे, लवकर संपणारे. गच्चीवरून करायचीस ते 'हाय'चे. आईला फरक कळायचा. आज लेक खाली हाय, असं म्हणायची आणि फारसं काही विचारायची नाही. मलाही कळायचा. गच्चीवरचे फोन कमी होत गेले, तेही कळलं. आणि आईच्या समोर बसून मी भिंतीवर लिहिलं की 'आहे' म्हणाली तर ती सृष्टी नाही. आईनं तेव्हा एकदा विचारलं होतं, आन् ती खालनं बोलली तर? मी म्हणालो, तिच्या नंबरावरून आला तर चालेल. आईनं मान हलवली.

पालकसभेनंतर आठ दिवसांनी तू मला शाळेत फोन केलास. मी शिक्षकांच्या खोलीत होतो, समोर सोमशेखर सर डबा खात होते. तू म्हणालीस, थोडे दिवस तिकडं येऊ का? मी विचारलं, सहज? तू परत विचारलंस, येऊ का? मी म्हणालो, मे होऊ दे. मेमध्ये काय आहे, असं तू विचारलंस. मी म्हणालो, पेपर तपासायचे आहेत. सोमशेखर सरांनी डब्यातून वर पाहिलं. पेपर एप्रिलमध्येच संपतात. तूही शिकवतेस, तुलाही ते माहीत होतं. बरं, म्हणालीस आणि फोन ठेवलास.

मेमधला फोन बुधवारी दुपारी आला. पत्रे तापले होते, गल्लीत कुणी नव्हतं. नंबर अनोळखी होता. आईला कमी ऐकू येतं म्हणून तिच्या फोनचा आवाज नेहमी बाहेर ऐकू येईल असाच लावलेला असतो. आई, मी सृष्टी बोलते आहे. मी दवाखान्यात आहे. हा फोन इथल्या बाईंचा आहे. बिरूला घेऊन ये. आईनं माझ्याकडं पाहिलं, मग भिंतीकडं. तिसऱ्या ओळीकडं. फोन तिनं माझ्या हातात दिला. मी ठरवून ठेवलेलं वाक्य म्हणालो. आमच्याकडं हे चालणार नाही, आम्हाला सगळं कळतं, पुन्हा फोन करू नका. मागं कुणीतरी खोकत होतं. लोखंडी चाकांचा आवाज जवळ आला आणि लांब गेला. मग आणखी एक आवाज आला. मी फोन बंद केला.

आई म्हणाली, कोन हुतं? मी म्हणालो, मशीन. ती म्हणाली, व्हय? मी म्हणालो, व्हय. आई उठली, आतून टोपली आणली आणि माझ्या हातातला फोन घेऊन जमिनीवर ठेवून त्याच्यावर पालथी घातली. तो टोपलीखाली दोनदा वाजला. पूर्ण वाजू दिला. आम्ही दोघं दोन बाजूंना बसलो होतो. टोपलीच्या फटींतून उजेड येत होता आणि जात होता. तिसऱ्यांदा वाजला नाही.

प्रस्ताव जूनमध्ये गेला, मान्यता जुलैत आली. शाळेत पेढे वाटले. आईनं तिचा पेढा देवासमोर ठेवला. दुसऱ्या दिवशीही तो तिथंच होता, मुंग्या लागलेला. त्याच आठवड्यात तुझा नवा व्हिडिओ आला. मधे दोन महिने एकही नव्हता. तू विभक्ती शिकवत होतीस. डावा हात टेबलाखाली होता, फळ्याकडं वळलीस तेव्हा दिसला, कोपरापासून मनगटापर्यंत पट्टा बांधलेला. मुलांनी खाली लिहून विचारलं होतं. तू शेवटी म्हणालीस, घरात पाय घसरला होता, आता बरं आहे, काळजी नसावी. 'आता बरं आहे.' मी ते सगळं वाक्य पुन्हा पुन्हा ऐकलं. घ स्वच्छ, ळ स्वच्छ. माझ्या हाताखाली शिकलेली मुलगी.

मेमधल्या त्या बुधवारपासून तुझा फोन नाही. मी केले, ते लागत नाहीत. आईनं एकदाही विचारलं नाही की सृष्टीचा फोन का येत नाही. फोन ती चार्जिंगला लावते, भरला की पुन्हा टोपलीखाली ठेवते. कधी भाजी निवडताना थांबते आणि टोपलीकडं कान करते. वाजत नसतो. मी विचारलं तर म्हणते, काय न्हाय. मलाही आता तो वाजलेला ऐकू येतो. वर्गात, फळ्याकडं तोंड असताना. गेल्या आठवड्यात केराबाईंनी जिन्यात मला अडवलं. कोन? मी म्हणालो, मी बिरुदेव, वरचा. त्या बराच वेळ बघत राहिल्या आणि बाजूला झाल्या. हाईस का, असं त्यांनी मला विचारलं नाही. विचारलं असतं तर काय सांगणार होतो, कळत नाही.

आता जे सांगायला बसलो ते. तू आम्हाला माफ केलं असशील. बिचाऱ्यांनी आवाज ओळखला नाही, यंत्रं हल्ली एवढी हुबेहूब झाली आहेत, घाबरून फोन ठेवला असेल, असं तू मनाला सांगितलं असशील, कारण तू तशी आहेस. ती माफी मला परत करायची आहे. शेवटी आलेला आवाज तुझी हाक होती. दबक्या आवाजातली, शेजारी तुझी सासू उभी असेल, परकी माणसं असतील, त्यांच्यासमोर तुझ्या तोंडून 'हाय' फुटेना. फुटू नये अशी सोय मीच केली होती. म्हणून तुझ्याकडं जे उरलं होतं ते तू दिलंस. जीभ टाळूला लावून, शेवटी वर तोडून. ती हाक कुठल्याही यंत्राला ठाऊक नाही. ती ऐकून मेंढरंही वळली होती. मी ओळखली, सृष्टी. एका क्षणात ओळखली, आणि त्याच क्षणात मला ती सही दिसली जी अजून व्हायची होती. मशीन हा शब्द माझ्या तोंडाशी तयार होता. तो मला फेब्रुवारीत त्या लोकांनीच दिला होता. त्यांनी तुझा आवाज चोरला. मी तो आलेला असताना परत पाठवला. भिंतीवरचा कागद आज काढला. तुझ्या सासऱ्यांना मी स्वतः भेटून सांगणार आहे की तू इकडं राहणार आहेस, मग त्या मान्यतेचं काय व्हायचं ते होवो. तू ये, किंवा मी न्यायला येतो, किंवा माझं तोंड बघायचं नसेल तर आईला घेऊन दुसरीकडं राहा, मी सोय करतो. फोनवर हे सांगितलं असतं तर तू माझ्या आवाजावर का विश्वास ठेवावास? म्हणून हातानं लिहिलं, क्लासच्या पत्त्यावर, म्हणजे घरात कुणी फोडणार नाही. 'हाय' लिहायला गेलो की अजूनही हात थांबतो. एकदा लिहितो. मी हितं हाय.

तुझाच, तुला पहिल्या ओळीपासून वाचायला लावणारा,
बिरू

सकाळी पाकीट बंद करण्याआधी हे आईला वाचून दाखवलं. ती भिंतीला टेकून बसली होती. पत्र संपलं. मग म्हणाली, मला बोलनं कमी ऐकू येतं, हाक न्हाय. मी विचारलं, मग तेव्हा का बोलली नाहीस? म्हणाली, तू मशीन म्हनलास. तुझ्या घरात र्‍हाती मी. आन् तुझा सहीचा कागद गेला नव्हता अजून. ती उठली, पिशवीत दोन लुगडी घातली आणि चपला घातल्या. पत्र टपालात टाकलं नाही, हातात देणार आहे. हे स्टँडवर लिहितो आहे, सव्वानऊची बार्शी गाडी लागली आहे. फोन आईनं घरीच ठेवला.